अ‍ॅमस्टरडॅम रस्त्यावरच्या सेन्योरांना

प्रिय सेन्योरा,

पत्र मराठीतच लिहितेय. तुमची नात फोनवर भाषांतर करून वाचून दाखवेल. त्यात जी काय गंमत होईल ती होऊ दे.

मेक्सिको सिटीत मला जेमतेम चार दिवस झाले होते. मुलगा ऑफिसला गेलेला. दूध आणायला म्हणून कोन्देसातल्या अ‍ॅमस्टरडॅम रस्त्याला लागले, मधल्या झाडांखालून आपली नाकासमोर चालत राहिले. अर्ध्या तासाने पाहते तर तोच बाक आणि बाकावर त्याच तुम्ही! हसलात आणि शेजारची जागा थोपटलीत. मग चावीने मातीत लांबट गोल काढून, तोंडाने टापांचा आवाज करून दाखवलात, तेव्हा कळलं की इथे पूर्वी रेसकोर्स होता आणि हा रस्ता त्या धावपट्टीवरच आखलाय. म्हणजे मी पिशवीसकट शर्यतीची एक फेरी मारली होती.

त्याच रेसकोर्सच्या जागेवर १९२७ साली झालेली मेक्सिको बाग तुम्हीच दाखवलीत. कणीसवाल्याला माझ्यासाठी ‘सिन मायोनेसा’, मायोनेज नको, म्हणून बजावलंत. लिंबू-तिखट चालतं, अंडं चालत नाही, हे खुणांनी समजावताना मी कोंबडीसुद्धा झाले होते.

पण खरे आभार त्या शनिवारचे. सियुदादेलाच्या चौकात दान्सोन, तुमचा तो जोडीचा नाच, नाचायला जमलेली सगळी आपल्याच वयाची मंडळी. आजोबांचे दोन रंगांचे चकचकीत बूट, बायकांच्या हातात पंखे. मी नुसती बघायला आले होते, तुम्ही ओढलंत. कशीबशी पावलं जमली, तेवढ्यात सुरुवातीची धून पुन्हा आली आणि सगळ्या जोड्या जागच्या जागी थांबल्या. मी एकटीच नाचतेय! तुम्ही मनगट धरलंत, ‘एस्पेरा’. थांब. त्या धुनेला नाचायचं नसतं, उभं राहायचं, वारा घ्यायचा, गप्पा मारायच्या. मग कुणी न सांगता चौकातली सगळी पावलं एकदम उचलली. माझं मनगट तोवर तुमच्याच हातात होतं.

आमच्याकडे लग्नाच्या वरातीत असं कुणी थांबेल तर शपथ.

तुमचा पंखा अजून माझ्या पर्समध्ये आहे. मार्चमध्ये, जॅकरँडा फुलला की पुन्हा येतेय. सुरुवात डाव्या पायाने की उजव्या, तेवढं आधी कळवा.

तुमची,
पिशवीवाली