होडी वर काढली, ट्रेलरच्या टायरांचे काय?

माननीय संपादक महोदय,

दर वर्षी १ जूनला ६१ दिवसांची मासेमारी बंदी सुरू झाली की गोव्यातल्या मालीम किंवा कुटबण जेटीवर ओळीने उभ्या असलेल्या ट्रॉलरांचे छायाचित्र वृत्तपत्रांत हमखास छापून येते. याच सुमारास फायबरच्या लहान होड्याही ट्रेलरवर चढून बार्देश-सासष्टीतल्या घरांच्या आवारात माडाखाली येऊन थांबतात, आणि त्यांतल्या पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या तर साधारण सप्टेंबरपर्यंत हलत नाहीत. मालक आउटबोर्ड इंजिन उतरवून गोड्या पाण्याने धुतो, होडीवर निळी ताडपत्री बांधतो, दोरखंड पडवीत टांगतो. ज्या दोन टायरांवर हा सारा भार चार महिने उभा राहायचा असतो, त्यांच्याकडे मात्र कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

२०२१ साली चवथ झाल्यावर होडी शापोरा नदीत उतरवण्यासाठी नेत असताना म्हापसा-शिवोली रस्त्यावर माझ्या ट्रेलरचा डावा टायर फुटला, होडी एका अंगावर कलली आणि मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणूनच हे पत्र तक्रारीच्या नव्हे तर सावधगिरीच्या सुरात लिहिता येत आहे. फुटलेल्या टायरची नक्षी जवळपास कोरी होती. वर्षातून दोनदाच, तेही जेमतेम चार-पाच किलोमीटर फिरणारा टायर झिजणार तरी कसा? पण पंक्चरवाल्याने तो रिमवरून उतरवला तेव्हा दुपारचे ऊन ज्या बाजूला पडत असे, त्या कडेवर बारीक भेगांचे जाळे दिसले आणि एका भेगेत माझे नख सहज आत गेले. कडेवर कोरलेल्या लांबलचक अक्षरांच्या शेवटी २११४ असे चार आकडे होते. त्याचा अर्थ २०१४ सालच्या एकविसाव्या आठवड्यात बनलेला टायर, हेही मला त्या पंक्चरवाल्यानेच सांगितले.

या विषयावरच्या पुस्तिका थंड देशांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत बर्फाळ हिवाळ्यात होडी कशी ठेवावी हे सांगितलेले असते, त्यामुळे आपल्याकडचा वाचक त्या बाजूला सारतो. वास्तविक आपली परिस्थिती त्याहून वाईट आहे. तिथला ट्रेलर उन्हाळ्यात निदान रस्त्यावर धावतो. आपला ट्रेलर ऑक्टोबर ते मे होडी पाण्यात असताना रिकामा उन्हात तापतो आणि जून ते सप्टेंबर होडीचे ओझे घेऊन पावसात भिजतो. टायरच्या रबरात ऊन आणि हवेतला ओझोन यांपासून राखण करणारे मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, आणि टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतात. टायर महिनोन्महिने जागचा हललाच नाही तर ही राखण थांबते, रबर कडक होते आणि भेगा पडू लागतात. त्यात एकाच जागी भार पडून तळ चपटा होतो तो वेगळाच.

यावरचा मुख्य उपाय खर्चिक नाही. ॲक्सलखाली जॅक लावून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे टायर जमिनीपासून बोटभर उचललेले राहतात. आपल्याकडे हाताशी चिरेच असतात, पण नुसते चिरे पावसाने भिजलेल्या तांबड्या मातीत रुततात, एक बाजू खचते आणि होडी कुंपणावर कलंडते, म्हणून खाली रुंद फळी आणि वर लाकूड हवेच. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर वापरूच नयेत, ते भाराखाली अचानक फुटतात. उचलणे शक्य नसेल तर टायर फळीवर घ्यावेत, कडेवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत थंड टायरमध्ये हवा भरावी आणि जुलैत पुन्हा तपासावी, कारण धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पौंड हवा कमी होते. खाऱ्या पाण्याने रिमची कड गंजलेली असेल तर याहून बरीच जास्त जाते. उन्हाच्या बाजूला प्लायवुडचा तुकडा किंवा विणलेल्या चुडतांचा झाप उभा केला तरी काम भागते. काळी चकाकी आणणारे तेलकट फवारे मात्र टाळावेत, त्यांतल्या काहींनी रबर उलट लवकर सुकते. साधा साबण आणि गोडे पाणी पुरे.

होडीच्या तळाचे बूच काढून ठेवायला अनेकजण विसरतात, आणि त्याचा टायरांशी संबंध आहे हे तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. सहा चौरस मीटर उघड्या होडीत एका दिवसाच्या १०० मिलिमीटर पावसाने ६०० लिटर, म्हणजेच ६०० किलो पाणी साठते. गोव्यात पावसाळाभरात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा बाकीचा हिशेब वाचकांनीच करावा. ताडपत्री सैल असली तर तीच पाण्याची टाकी होते. ट्रेलरचे तोंड थोडे उंच ठेवून बूच काढले की आलेले पाणी मागून वाहून जाते.

आडवी टाकलेली स्टेपनीही झाकावी किंवा पडवीत आणावी, तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. पाच-सहा वर्षांचा झालेला टायर नक्षी कशीही दिसली तरी बदलावा. जुना फेकायची गरज नाही. खालच्या बाजूला भोके पाडून, म्हणजे पाणी साचणार नाही, तो होडीच्या अंगाला धक्क्यासाठी टांगता येतो. माझा उजवा टायर आज तेच काम करतो आहे.

आपणास विनंती एवढीच की, यंदा मासेमारी बंदीची बातमी छापाल तेव्हा ट्रॉलरांच्या छायाचित्राशेजारी टायरच्या कडेवरच्या त्या चार आकड्यांचेही एक छायाचित्र छापावे. होड्या परत पाण्यात न्यायच्या दिवसांत तर ते पुन्हा एकदा छापावे, कारण त्या दिवसांत हे टायर आपल्या सगळ्यांच्या रस्त्यावर असतात.

आपला नम्र,
एक होडीमालक, बार्देश