मदतीचा हात आणि संस्थेविषयीचा जिव्हाळा : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी लेखा विभागात नवीन असताना आपण केलेल्या मदतीबद्दल जाहीर आभार मानावेत, असे फार दिवसांपासून मनात होते. नव्या माणसाला बँक ताळमेळ, म्हणजे आपल्या वहीतील आणि बँकेच्या विवरणपत्रातील नोंदी जुळवणे, शिकवणे आपल्या कामाच्या यादीत नव्हते आणि वार्षिक मूल्यमापनातही त्याची नोंद होणार नव्हती. तरीही ऐन महिनाअखेरीच्या धावपळीत आपण माझ्याशेजारी येऊन बसलात, बँकेच्या विवरणपत्रातील एकेका नोंदीवर पेन्सिलने खूण करत गेलात आणि न वटलेले धनादेश वेगळे काढल्यावर फरक कसा सुटतो, हे मलाच शोधू दिलेत. रजेवर जाण्याआधी उरलेल्या कामांचा कागद फाईलला टाचून ठेवण्याची आपली सवय तर आता साऱ्या विभागाने उचलली आहे.

करारात नसलेल्या, पण ज्याच्यावाचून कार्यालयाचे अडते अशा या वागण्याला व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तन’ असे नाव दिले. मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले : जिव्हाळा आहे म्हणून टिकणे, नोकरी सोडणे परवडत नाही म्हणून टिकणे आणि कर्तव्य वाटते म्हणून टिकणे. मेयर यांनी सहकाऱ्यांसह २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मदतीच्या वृत्तीशी सर्वांत जवळचे नाते जिव्हाळ्याचे निघाले. निव्वळ परवडत नाही म्हणून टिकण्याशी तिचा संबंध जवळजवळ आढळलाच नाही.

हा जिव्हाळा परिपत्रक काढून मागता येत नाही, असे मला ठामपणे वाटते. आपल्या आईंच्या आजारपणात तेव्हाच्या साहेबांनी न मागता कामाची वेळ बदलून दिली होती, हे आपण आजही कृतज्ञतेने सांगता. संस्था आपली काळजी घेते असा विश्वास बसला, की माणूसही तिच्यासाठी चार पावले जास्त चालतो. मात्र अशी माणसे सहज मिळत नाहीत, आणि मिळाली की प्रत्येक नवा सहकारी त्यांच्याकडेच पाठवला जातो. गृहीत धरलेली मदत त्यांना थकवते. म्हणूनच नव्या सहकाऱ्यांना शिकवण्यात आपला जेवढा वेळ जातो, तेवढे आपले नेहमीचे काम कमी करावे, अशी लेखी विनंती मी वरिष्ठांना केली आहे. आपली त्याला हरकत नसावी.

आपली कृतज्ञ,
विभागातील एक सहकारी