ट्रकच्या यार्डाचे काँक्रीट दोन पावसाळ्यांत का फुटते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की सोलापुरात यार्डांची कामे निघतात. अक्कलकोट रोड असो, चिंचोळी असो की हैदराबाद रोड; गोदामांची अंगणे, वजनकाट्यापुढची जागा, ट्रान्सपोर्टवाल्यांचे पार्किंग. दरपत्रक मागवताना प्रश्न ठरलेला असतो : ‘सहा इंची ट्रिमिक्स, चौरस फुटाला काय पडेल?’ (ट्रिमिक्स म्हणजे ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी पंपाने ओढून केलेली फरशी.) खालच्या मातीचे काय करणार, सांधे कुठे येणार, पाणी किती दिवस मारणार, हे सहसा कुणी विचारत नाही. दोन पावसाळ्यांत कोपरे खचले की दोष सिमेंटच्या ब्रँडवर ढकलायचा! होटगीच्या अंगाला सिमेंटचे कारखाने असलेल्या गावात ही सबब जरा जास्तच होते.

खरी गोम काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि सप्टेंबरच्या पावसात फुगवटा, हा तिचा स्वभाव. भिजल्यावर तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याचे माप, बहुधा २ ते ३ टक्के भरतो. अशा मातीवर थेट दगडी सोलिंग पसरले, तर पहिल्याच पावसात चिखल दगडांच्या फटींतून वर येतो आणि सोलिंग खाली बसते. त्यामुळे काळी माती निदान ५० ते ६० सेंमी काढून टाकावी आणि मुरूम थराथराने भरावा : सैल २० सेंमी पसरायचा, पाणी मारायचे, ८ ते १० टनी व्हायब्रेटरी रोलरने दाबून १५ सेंमीवर आणायचा. प्रत्येक थराची घनता जागेवर तपासावी. प्रॉक्टरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या, ९७ टक्क्यांच्या खाली असेल तर वरचा थर टाकू नये. एकदम दोन फूट मुरूम ओतून वरून रोलर फिरवला, तर वरचे वीतभरच दबते. काळी माती फार खोल असेल तर सगळी उपसण्यापेक्षा वरच्या थरात ३ ते ५ टक्के चुना मिसळणे परवडते. मात्र प्रमाण प्रयोगशाळेत ठरवून घ्यावे.

मुरमावर १० ते १५ सेंमी डीएलसी (कमी सिमेंटचे, रोलरने दाबलेले कोरडे काँक्रीट) आणि त्यावर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. हा कागद ओल अडवण्यासाठी, असा समज आहे. त्याचे मुख्य काम वेगळे : आकुंचन पावताना वरचा स्लॅब खालच्या थराला न चिकटता सरकला पाहिजे.

आता जाडी. चार टायरच्या एका ॲक्सलवर पूर्वी १०.२ टनांची मुभा होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती ११.५ टन केली, जोडॲक्सलची १९ वरून २१ टन. भार जेमतेम तेरा टक्के वाढला. पण रस्त्याची झीज भाराच्या चौथ्या घाताने धरण्याचा जुना ठोकताळा लावला, तर ती साठ टक्क्यांनी वाढते. यार्डवाल्यांचे सहा इंच मात्र तेव्हाचेच. १५ सेंमीऐवजी २० सेंमी केले तर काँक्रीट एक तृतीयांशाने वाढते, आणि वाकण्याचा ताण साधारण ४० टक्क्यांनी उतरतो. हजार चौरस मीटरला ५० घनमीटर जादा, एवढाच तो खर्च. भरलेल्या ट्रेलरसाठी एम ४० (२८ दिवसांत ४० मेगापास्कल ताकद धरणाऱ्या) काँक्रीटचे २० सेंमी किमान धरावेत; गेट, काट्याचे दोन्ही उतार आणि ट्रेलर जागच्या जागी वळतो ती जागा, इथे २३ ते २५. पुढचा ट्रक सोडवून ट्रेलर लोखंडी पायांवर उभा करतात, तिथे टीचभर पत्र्याखाली कित्येक टन येतात. त्या पट्ट्याकडे तर नकाशातच बघायला हवे. ट्रिमिक्स वाईट नाही, पण पाणी ओढण्याचा परिणाम खोलीबरोबर कमी होत जातो. आणि वरून आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग उघड्या यार्डात नकोच; पावसात टायर घसरतात. ओल्या काँक्रीटवर ब्रश ओढावा.

‘जाळी टाकलीय, काळजी नको’ हे वाक्यही नेहमीचे. जाळीने स्लॅबची भार घेण्याची ताकद फारशी वाढत नाही. ती पडलेली भेग घट्ट धरून ठेवते. तेही ती वरच्या पृष्ठभागापासून ५ ते ६ सेंमीवर, सळईच्या खुर्च्यांवर बसवली तर. जमिनीवर अंथरून ‘काँक्रीट पडताना वर ओढू’ म्हणणाऱ्यांची जाळी तळाशीच राहते.

सांध्यांवर सर्वांत जास्त हलगर्जी होते, म्हणून थोडे सविस्तर. २० सेंमी स्लॅबला सांध्यांमधला चौकोन साडेचार मीटरपेक्षा मोठा नको, आणि तो शक्यतो चौरस हवा. भेग सांध्याच्या रेषेतच पडावी म्हणून फिरवलेला कटर जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश, म्हणजे ५ ते ७ सेंमी खोल गेला पाहिजे. वेळ उन्हाळ्यात ४ ते ८ तास, थंडीत थोडा अधिक. कटरने खडी उचकटत असेल तर घाई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला, तर काँक्रीटने आपल्या मनाने भेग पाडून ठेवलेली असते. सांध्यात २५ मिमीचे गुळगुळीत गोल डॉवेल (भार शेजारच्या चौकोनाला देणाऱ्या सळ्या), सुमारे ३६ सेंमी लांब, दर ३० सेंमीला, जाडीच्या मधोमध आणि एकमेकांना समांतर; अर्ध्या लांबीला डांबर किंवा प्लास्टिकची नळी. पैसे वाचवायला टॉरचे (खाचदार सळईचे) तुकडे घातले, तर स्लॅब दोन्ही बाजूंनी जखडतो आणि सांध्याशेजारी हातभर अंतरावर नवी भेग निघते. डॉवेल नसेल तर चाक एका चौकोनावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्याचा कोपरा दबतो. फटीतून उतरलेले पाणी प्रत्येक चाकाबरोबर खालची बारीक माती घेऊन उसळते. हळूहळू कोपऱ्याखाली पोकळी आणि मग त्रिकोणी तुकडा मोकळा. म्हणून सांधा साफ करून, खाली फोमची दोरी बसवून, वर पॉलिसल्फाइड हे रबरासारखे सीलंट भरावे. दीड ते दोन टक्के उतार ठेवला, तर सांध्यावर पाणी थांबणारच नाही.

रेडिमिक्सच्या गाडीत पाणी ओतणे हा आणखी एक हिशेब. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १६८ लिटर पाणी असेल, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४२. सहा घनमीटरच्या गाडीत ‘जरा पातळ करा’ म्हणून १०० लिटर ओतले की ते ०.४६ वर जाते आणि एम ४० कागदावर उरते. पातळ हवे असेल तर प्लांटला ॲडमिक्श्चर (पातळ करणारे रसायन) वाढवायला सांगावे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना काम करावेच लागले, तर काँक्रीट संध्याकाळनंतर टाकावे, डीएलसी आधी भिजवून घ्यावी, आणि फिनिशिंग होताच ओल धरून ठेवणारे क्युरिंग कंपाउंड फवारावे. त्यानंतर १४ दिवस पाणी. हजार चौरस मीटरवर आळी करून ५ सेंमी पाणी साठवायचे, तर पहिल्याच भरणीला ५० हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे पाच टँकर. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात म्हणूनच तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळला जातो. ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक अंथरले, तर पाणी बरेच कमी लागते. पीपीसी वापरले असेल तर हे १४ दिवस सोडूच नयेत. हे राखेचे सिमेंट सावकाश ताकद धरते.

मालक मंडळींना आणि सार्वजनिक ट्रक टर्मिनल, बाजार आवारांच्या निविदा काढणाऱ्यांना आमची विनंती आहे : ‘काँक्रीट, घनमीटर’ एवढे एकच कलम ठेवू नका. मातीखोदाई, थरनिहाय मुरूम, डीएलसी, डॉवेल नगावर, कटिंग आणि सीलिंग रनिंग मीटरवर, क्युरिंग चौरस मीटर-दिवसांवर, अशी वेगळी कलमे करा. जे कलम नसते त्याचे पैसे ठेकेदाराला मिळत नाहीत, आणि मग ते कामही होत नाही. चाचणीचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) ७ आणि २८ दिवसांचे तोडा, आणि भरलेली गाडी २८ दिवसांच्या क्यूबचा आकडा हातात आल्यावरच आत घ्या. दहाव्या दिवशी गेट उघडण्याची घाई असेल तर तेवढ्या पट्ट्याचे मिश्रण आधीच वेगळे मागवा.

आपले,
यार्ड व औद्योगिक फरशीकाम करणारे काही स्थापत्य व्यावसायिक, सोलापूर