न दिसणारे कपाट

प्रिय मित्रा,

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची बोच आहेच. पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. इंटरनेटवरची पाने रोखणाऱ्या ज्या फिल्टरवरून तू आणि मी पावसाळाभर अबोला धरला होता, तोच फिल्टर मी माझ्या घरात लावून बसलो, आणि हे कबूल करावे असा तुझ्यावाचून दुसरा माणूस नाही.

गेल्या वर्षी मी थोरल्या मुलीच्या लॅपटॉपवर फिल्टर बसवला आणि तिला सांगितले नाही. मागच्या महिन्यात ताईच्या छातीत गाठ आढळली (साधी निघाली, काळजी करू नकोस), तेव्हा थोरली रात्री उशिरापर्यंत त्याविषयी शोधत बसली होती. एकामागून एक पाने उघडेनात. पांढऱ्या पडद्यावर ‘हे पान उपलब्ध नाही’ एवढेच. तिला वाटले, इंटरनेट गेले. तिने तीनदा राउटर बंद करून सुरू केला, आणि त्याचे हिरवे दिवे विझून पुन्हा लागताना मी दारातून पाहत राहिलो. माझ्या फिल्टरने ‘स्तन’ हा शब्दच अश्लील ठरवला होता. 1995 साली अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने सभासदांच्या परिचयात या शब्दाला मनाई केली, तेव्हा स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांना आपल्या आजाराचे नाव लिहिता येईना; ओरड झाली तेव्हा कंपनीने मनाई उठवली. हे मी तुलाच एकदा तावातावाने ऐकवले होते.

तू तेव्हा म्हणाला होतास, ‘सरकारने घाण समोरून काढली तर कोणाचे काय बिघडले?’ लहान मुलांच्या अत्याचाराची चित्रे तशीच राहू द्यायची का, हा तुझा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. तो गुन्हा आहे, तिथे कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. ती चित्रे बनवणाऱ्याला पकडलेच पाहिजे. पण नेमक्या त्याच हेतूने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा केला, आणि चारशेहून कमी संकेतस्थळे रोखताना इंटरनेटवरच्या त्याच सामायिक पत्त्यांवर नांदणारी दहा लाखांहून अधिक निरपराध संकेतस्थळेही बंद पडली. न्यायालयाने 2004 मध्ये तो कायदा रद्द केला.

तरीही मला खरी भीती चुकांची नाही, कारण चुका उद्या सुधारतील. ग्रंथालयातले ते कुलूपबंद कपाट तुला आठवते ना? काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या, किल्ली बाईंकडे असायची, आणि ‘कशाला हवे?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागायचे. तू कधी मागितले नाहीस, मी मागितले, आणि त्यावरून आपले भांडण झाले. पण न मागणे हा तुझा निर्णय होता. फिल्टर ते कपाटच भिंतीत गडप करतो. ऑस्ट्रेलियात रोखायच्या पत्त्यांची यादी गुप्त होती. 2009 मध्ये ती फुटली, तेव्हा तिच्यात क्वीन्सलंडमधल्या एका दंतवैद्याचे संकेतस्थळही निघाले. यादीच गुप्त असेल, तर माणसाने दाद कशाची मागायची? सक्तीच्या फिल्टरचा बेत तिथल्या सरकारने 2012 मध्ये सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला सगळे सांगितले. ती चिडली नाही. म्हणाली, “बाबा, मी तसले काही पाहिलेच नसते. पण आता ते तुम्हाला कसे कळणार?” मित्रा, या वाक्याने मला रात्ररात्र झोप लागलेली नाही. तिचा चांगुलपणा जपायला निघालो आणि तो तिचा स्वतःचा असल्याचा पुरावाच मी तिच्याकडून काढून घेतला.

तिचा फिल्टर आम्ही दोघांनी मिळून काढला. धाकट्याच्या टॅबवरचा ठेवला आहे, कारण नऊ वर्षांच्या मुलाच्या वतीने काही काळ मला ठरवावे लागेल, आणि इथे मी तुझ्या बाजूला थोडा सरकलो आहे, हे मान्य करतो. मात्र सरकारने माझ्या वयाच्या माणसाला नऊ वर्षांचा समजावे, हे मला आजही मान्य नाही. धाकट्याच्या पडद्यावर आता ‘हे पान बाबांनी बंद केले आहे, येऊन विचार’ असे येते. आतापर्यंत तो दोनदा येऊन विचारून गेला आहे. एकदा मी पान उघडून दिले, एकदा नाही, आणि का नाही ते सांगताना मला बराच वेळ लागला.

तुझ्या बदलीचे कळले. नवे घर लागले का? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. या वेळी उत्तर सविस्तर लिही आणि माझे जिथे पटत नसेल तिथे पूर्वीसारखे भांड.

तुझाच,
जुना मित्र