काका, तो डावा हात आता सुटत नाही

ती. काकांना सादर नमस्कार,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गेल्या वर्षभरात मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी मला विचारलंय की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरातला मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक झालाच कसा. झाला तो स्वतःच्या हौसेनं. टिकला तो तुमच्यामुळे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जवळजवळ प्रत्येक चालीत बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की घेऊन पळायचं, हे त्यानं अडीच-पावणेतीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरून चार-पाच धिप्पाड मुलं त्याच्याच अंगावर येत असतात. फेकलेला बॉल विरुद्ध टीमनं झेलला की इंटरसेप्शन. हातातून सुटला की फंबल, आणि तो त्यांनी उचलला तर त्यांचा. नवख्या क्वार्टरबॅकला लांब फेकता येतं की नाही हे लोक आधी बघतात. बॉल सांभाळता येतो का, हे तो हरवल्यावरच कळतं.

आम्हाला ते मागच्या सप्टेंबरात कळलं. बारावीतल्या मुलाचा खांदा दुखावला आणि दहावीतला माझा मुलगा अचानक मुख्य टीममध्ये उभा राहिला. पहिल्या चार सामन्यांत सात इंटरसेप्शन आणि चार फंबल. चौथ्या सामन्यानंतर गाडीत मी त्याला म्हणाले, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" तो काही बोलला नाही. घरी आल्यावर हेल्मेट गॅरेजमध्ये ठेवलं आणि वडिलांना सांगितलं की सोमवारी जाऊन नाव काढून घेतो.

रविवारी तुम्ही आमचा डबा परत द्यायला आलात. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याचा चेहरा बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "फिल्म आहे का?"

तुमच्या मुलाच्या वेळी शाळेच्या टीमसाठी आकडे टिपायला तुम्ही बसलात, आणि तो कॉलेजला गेल्यावरही बारा वर्षं तिथून उठला नाहीत, हे मी काकूंकडून ऐकलं होतं. ते काम काय असतं हे त्या दिवशी पाहिलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, हडल या व्हिडिओ साइटवरचे चारही सामने, आणि तुमची लांब वही. अकरा चुका, अकरा ओळी. प्रत्येक ओळीत तीन रकाने: पाय कुठे, डोळे कुठे, डावा हात कुठे. अडीच तासांनी तुम्ही वही त्याच्याकडे फिरवलीत. चारही फंबलसमोर डाव्या हाताच्या रकान्यात एकच शब्द होता: "सुटला."

मग तुम्ही फिल्म थांबवून थांबवून दाखवलीत. तो लांबवर कुणी मोकळं आहे का ते शोधायला मान वर करतो आणि त्याच क्षणी डावा हात बॉलवरून निघतो. एका हातातला बॉल छातीपासून कमरेपर्यंत खाली येतो. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, त्यामुळे त्या बाजूनं येणारा त्याला दिसतच नाही, आणि त्या येणाऱ्याला फक्त एक चापट मारायची असते. "चारही वेळा हाच हात," तुम्ही म्हणालात. "म्हणजे सुधारायची गोष्ट एकच आहे, पहिलवान." मी गाडीत जे बोलले होते त्यात त्यानं करण्यासारखं काहीच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

निघताना तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठा 28 लिहिलात आणि पान फाडून आमच्या फ्रिजवर लावलंत. 1998 साली पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकनं कोल्ट्स या व्यावसायिक टीमकडून पहिल्याच वर्षी 28 इंटरसेप्शन दिली. नवख्या खेळाडूच्या नावावरचा तो विक्रम आजही तसाच आहे. टीम 3 सामने जिंकली, 13 हरली. पुढच्याच वर्षी 13 जिंकली, 3 हरली. दुसरं उदाहरण तुम्ही आपल्या दाराशीच दिलंत. जायंट्स टीमच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅकनं, डॅनियल जोन्सनं, 2019 च्या पहिल्या वर्षात 12 इंटरसेप्शन दिली आणि 18 वेळा बॉल हातातून सोडला, त्यातले 11 गमावले. 2022 मध्ये त्याच जोन्सची पूर्ण मोसमात 5 इंटरसेप्शन होती. माझा मुलगा जायंट्सचा भक्त, त्यामुळे मॅनिंगपेक्षा हे त्याला जास्त लागलं. सोमवारी तो नाव काढायला गेला नाही.

पुढचे सहा आठवडे तुम्ही आमच्या परसात होता. बादलीत बॉल बुडवून ओलाच त्याच्याकडे फेकायचा, त्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरून पाय हलवत राहायचं, आणि तुम्ही मागून येऊन कधी वरून, कधी खालून फटका मारायचा. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या असायच्या. पळताना धरायचं वेगळं. बॉलच्या टोकावर बोटं पसरलेली, तळवा, पुढचा हात, दंड आणि बरगड्या, अशा पाच जागी तो टेकला पाहिजे. एक जागा जरी मोकळी राहिली तरी तिथून उजेड दिसतो, आणि तुम्ही त्या फटीत बोट घालून दाखवायचात. मला ते बघून याच्याच बाळपणाची आठवण यायची. डोकं कोपराच्या खोबणीत, हात खालून, अंगाशी घट्ट. मला ते कुणी शिकवलं नव्हतं, तो मात्र पंधराव्या वर्षी बॉलसाठी शिकत होता.

घरातही बॉल त्याच्या काखेत असायचा. तुमची अट होती की कुणी पाडला तर वीस जोर काढायचे. धाकटी दाराआड लपून बसायची. पहिल्या आठवड्यात तिनं नऊ वेळा पाडला, चौथ्या आठवड्यात तिनं नाद सोडला. एका हातानं पोळी तोडायची कला त्याला तेव्हा अवगत झाली.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते नंतरच्या गोष्टीसाठी. पुढच्या दोन सामन्यांत एकही इंटरसेप्शन नाही, एकही फंबल नाही. मी खूश होऊन शिरा केला. तुम्ही शिरा खाल्लात आणि म्हणालात, "दोन्ही हरलो आपण. आणि हा घाबरून खेळतोय." खरंच होतं. तो चार-पाच यार्डांपलीकडे बॉल फेकतच नव्हता. मोकळा खेळाडू दिसत असताना बॉल पोटाशी धरून खाली पडत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "बॉल तिजोरीत ठेवायला नाही दिलेला तुला."

मग वहीतल्या सात इंटरसेप्शन तुम्ही दोन गटांत मांडल्यात. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न असतात, आणि तीन फसले तर बहुधा पंट मारतात, म्हणजे बॉल लाथेनं लांब विरुद्ध टीमकडे उडवतात. त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नात लांब फेकलेला बॉल चाळीस यार्डांवर कुणी झेलला, तर जवळजवळ पंट मारल्यासारखंच झालं. त्यावर रात्रीची झोप घालवायची नाही. उजवीकडे पळताना, उशिरा, अंगाच्या आडव्या दिशेनं मैदानाच्या मधोमध फेकलेला बॉल मात्र पुन्हा दिसता कामा नये. आणि काहीच सुचलं नाही तर बाजूला पळत जाऊन बॉल सरळ मैदानाबाहेर भिरकावायचा. एरवी बॉल असा मुद्दाम रिकाम्या जागी फेकला की दंड असतो. हायस्कूलच्या नियमांत ही सूट 2022 पासून मिळाली, मधला ठरलेला पट्टा डावीकडून किंवा उजवीकडून ओलांडला आणि बॉल चाल सुरू झाली त्या रेषेपर्यंत पोचला तर दंड नाही, हे तुम्ही त्याला नियमावली उघडून दाखवलंत. कोणती जोखीम घ्यायची आणि कोणती नाही, हे इतकं स्पष्ट मला माझ्या नोकरीतही कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पाऊस होता. आपण तीन गुणांनी पुढे, शेवटची काही मिनिटं, तिसरा प्रयत्न आणि दहा यार्ड हवे. डावीकडून त्यांचा मुलगा मोकळा सुटला. सप्टेंबरातली तीच जागा होती. त्याचा हात बॉलवर बसलेला मला स्टँडमधून दिसला, आणि माझ्या मुलाचा डावा हातही बॉलवरच होता. बॉल छातीवरून हलला नाही. तो उजवीकडे निसटला, पट्ट्याबाहेर गेला आणि बॉल बाकांच्या डोक्यावरून बाहेर फेकून दिला. लोक चुकचुकले. मागून कुणीतरी वैतागून ओरडलं. तुम्ही एकटे छत्री खाली टाकून उभे राहिलात आणि टाळ्या वाजवल्यात.

आपण पंट मारला, त्यांना काही करता आलं नाही, आणि शेवटी बॉल परत आपल्याकडे आला. गुडघा टेकला की चाल तिथेच संपते, घड्याळ मात्र चालत राहतं. माझ्या मुलानं बॉल घेतला, गुडघा टेकला. पुन्हा घेतला, पुन्हा टेकला. सामना संपला.

परतताना गाडीत तुम्ही 19 नोव्हेंबर 1978 ची गोष्ट सांगितलीत. ईस्ट रदरफोर्डच्या जायंट्स स्टेडियममध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर तुम्ही तुमचा पहिला सामना बघत होता. जायंट्स 17–12 नं पुढे, समोरच्या ईगल्स टीमकडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट उरलेला नाही, लोक पार्किंगकडे निघालेले. जायंट्सचा क्वार्टरबॅक जो पिसार्चिकनं नुसता बॉल धरून खाली बसायचं होतं. पण वरून आलेली चाल होती बॉल घेऊन पळणाऱ्या लॅरी झोंकाला बॉल देण्याची. देता देता तो निसटला, उसळला, आणि ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सनं उचलून 26 यार्ड पळत शेवटच्या रेषेपार नेला. ईगल्स 19–17. दुसऱ्या दिवशी जायंट्सच्या चाली ठरवणाऱ्या प्रशिक्षकाची नोकरी गेली, आणि शेवटी गुडघा टेकायच्या वेळी बचावाला मागे माणूस उभा करायची रीत त्यानंतर रुळली. "त्या दिवशी मला हा खेळ समजला," तुम्ही म्हणालात. मागच्या सीटवर तो ओला बॉल काखेत धरून ऐकत होता. टीमनं त्याला तो ठेवायला दिला होता.

तो बॉल त्याला तुम्हाला द्यायचाय, पण तुम्ही घेणार नाही या भीतीनं वर्षभर त्याच्या टेबलावर पडून आहे. कृपा करून घ्या. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतोय. तुमची वही संपत आली होती, तशीच लांब, आडव्या रेघांची दुसरी आणून ठेवली आहे. बादली परसातल्या नळाखालीच आहे. शिरा करीन. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
पहिलवानाची आई