पैशाचा हिशेब मिळाला, गोळ्यांचा नाही

संपादक महोदय,

माझा धाकटा भाऊ आठ महिने कच्चा कैदी होता. दारूच्या नशेत गल्लीतल्याचीच मोटारसायकल नेली, हा गुन्हा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पण वर्षानुवर्षं आम्ही सगळं दारूवर ढकलत आलो. खरं सांगायचं तर तो सुधारला आतच. दारू तुटली, गोळ्या वेळेवर मिळाल्या. भेटीला गेलो की आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा.

जामिनाचा कागद संध्याकाळी पोचला आणि त्याला तसाच सोडला. घरी फोन नाही. मी मनीऑर्डरनं धाडलेल्यातले 640 रुपये शिल्लक होते, ते रजिस्टरात सही घेऊन मोजून दिले. गोळी मात्र एक नाही, चिठ्ठीही नाही. स्टँडवर उतरला आणि थेट देशीच्या दुकानात. दुसऱ्या दिवशी दुपारी आयर्विन पुलाखाली सापडला. खिशात 70 रुपये.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू होती? हा म्हणतो, "सकाळी पांढरी, रात्री पिवळी अर्धी." एवढ्यावर डॉक्टर तरी काय लिहिणार! तुरुंगाच्या दारात तीन खेपा झाल्या. आधी अर्ज आणा, मग त्याची सही आणा, मग साहेब रजेवर. (प्रत्येक खेपेला टेंपोचं एक भाडं बुडालं, ते निराळंच.) कागद मिळेपर्यंत वीस दिवस गेले. तोवर हा भिंतीशी बोलायला लागला होता. आईनं वाढलेलं ताट सरकवून द्यायचा, त्यात काहीतरी कालवलंय म्हणून. एका रात्री दोन वाजता टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, 14416 वर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मराठीत शांतपणे ऐकून घेतलं, तेवढाच आधार.

वकिलांनी 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दाखवला. कलम 103 कैद्यांच्या उपचारांचं. कलम 98 म्हणतं, मनोरुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करावी. मग तुरुंगातून सुटणाऱ्या रुग्णालाच ते का नको? त्याच्या महिन्याच्या गोळ्या मेडिकलमध्ये चारशेच्या आत येतात.

सुटकेच्या रजिस्टरात पैशाचा रकाना आहेच. त्याच्या शेजारी औषधाचा एक आखावा, आणि सही घरच्या माणसाची घ्यावी.

माझं नाव छापू नका. आईला अजून गल्लीत पाणी भरायला जावं लागतं.

— एक टेंपोचालक, मार्केट यार्ड, सांगली