आमच्या परसात मधमाश्या परत आणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या श्रावणात आमच्या परसातल्या भोपळ्याच्या वेलाला भरपूर फुले येत होती, पण सुपारीएवढे झालेले फळ पिवळे पडून गळून जाई. कीड लागली असावी असे समजून मी रोज सकाळी उमललेल्या फुलांवरही औषध फवारत होते. कुंपणापलीकडून ते पाहून तुम्ही मला पंप खाली ठेवायला सांगितलेत. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही आलात. बारीक, लांब देठाचे नरफूल आणि पाकळ्यांखाली इवलासा भोपळा घेऊन आलेले मादीफूल दाखवून, ही फुले एकच सकाळ उमललेली असतात आणि तेवढ्या वेळात माशीने पराग पोचवला नाही तर फळ धरत नाही, हे तुम्ही समजावून दिलेत. मग नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा मधला दांडा मादीफुलात अलगद फिरवलात. तो भोपळा टिकला. ज्यांना मी औषधाने मारत होते, त्यांचेच काम तुम्हाला हाताने करावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून फवारणी बंद आहे. तुळशीच्या काही मंजिऱ्या मी आता खुडत नाही, कोथिंबिरीचा एक वाफा फुलावर जाऊ देते, आणि गोंडेदार झेंडूऐवजी एकेरी पाकळ्यांचा साधा झेंडू लावते, कारण भरगच्च पाकळ्यांत माशीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. सब्जा फुलला की सातेरी आणि फुलोरी, दोन्ही माश्या दिवसभर असतात. कढीलिंबावरची, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मी काढून टाकणार होते. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची आहे, चार पाने तिला खाऊ द्या, असे तुम्ही सांगितलेत आणि ती वाचली.

वांग्याच्या फुलापाशी मात्र मी सर्वांत जास्त वेळ रमते. त्याच्या पिवळ्या परागकोशांना टोकाशी फक्त बारीक छिद्रे असतात. काळा भुंगा त्यांना बिलगून अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पिठासारखा पराग त्याच्या पोटावर झडतो. इतकी वर्षे वांगी लावूनही मी हे कधी पाहिले नव्हते. ते तुमच्यामुळे दिसले.

मातीत घर करणाऱ्या माश्यांसाठी विहिरीकडचा कोपरा तुमच्या सांगण्याप्रमाणे न खणता, पालापाचोळा न पसरता मोकळा ठेवला आहे. तिथे या आठवड्यात चार नवी बिळे दिसली आहेत. सकाळी सवड काढून पाहायला यावे, ही विनंती.

आपली,
पलीकडच्या अंगणातली शेजारीण